देवाला खोट्या साक्षीची गरज नाही

आजचा शास्त्रभाग : ईयोब १३:७-१२, लूक १:१-४



मागे एकदा ऑफिसमध्ये जेवताना एका सहकाऱ्याने सरळ विचारलं, "तुमचा येशू खरंच होऊन गेला, याला बायबलबाहेर पुरावा काय?" माझ्याकडे उत्तर तयार होतं. आमच्या तरुण संघाच्या ग्रुपवर आलेला एक फॉरवर्ड मी मोबाइलवर काढून दाखवला. योसेफस हा पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार. स्वतः ख्रिस्ती नसूनही त्याने लिहून ठेवलंय की येशू हाच ख्रिस्त होता आणि तो तिसऱ्या दिवशी पुन्हा जिवंत झाला! डबा बंद करताना मला वाटलं, वाद जिंकला.

दुसऱ्या दिवशी तो वाचून आला. "हा उतारा जसाच्या तसा योसेफसचा नाही. नंतर कोणा ख्रिस्ती माणसानेच त्यात भर घातलीय, असं अभ्यासक म्हणतात. तुला माहीत होतं का?"

माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर, तपासावं असंही कधी वाटलं नव्हतं.

त्या रात्री मी वाचत बसलो. त्याचं बरोबर होतं. योसेफसने इ.स. ९३-९४ च्या सुमारास यहुदी लोकांचा इतिहास २० भागांत लिहून पूर्ण केला. त्याच्या १८व्या भागात हा उतारा आहे. पण यहुदी म्हणूनच जगलेला माणूस येशूला ख्रिस्त म्हणेल, हे जुळत नाही. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान ओरिगेन तर स्पष्ट सांगतो की योसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता. चौथ्या शतकात मात्र युसेबियस तोच उतारा त्या कबुलीसकट देतो. बहुतेक अभ्यासकांच्या मते योसेफसने येशूबद्दल थोडंफार लिहिलं होतं, पण त्यात नंतर ओळी शिरल्या. काहींच्या मते सगळा उताराच नंतरचा आहे.

आपल्या कामात कोडची कुठली ओळ कोणी, कधी लिहिली याची नोंद राहते. हाताने नकललेल्या ग्रंथांना ती सोय नव्हती. समासातली टीप चुकून मजकुरात आली असेल, किंवा कोणी मुद्दाम घातली असेल.

इथे मला ईयोब आठवला. त्याच्या मित्रांना देवाचा बचाव करायचा होता. त्यासाठी त्यांनी न केलेलं पाप ईयोबाच्या माथी मारलं. ईयोब त्यांना विचारतो, देवाची बाजू मांडायला तुम्ही असत्याचा आधार घेणार का? आणि देवाने तुम्हालाच तपासलं तर? पुढे ४२व्या अध्यायात देवाचा राग त्या मित्रांवरच होतो. देवाची वकिली केली म्हणून त्यांना शाबासकी मिळत नाही.

न तपासता फॉरवर्ड दाखवणारा मी त्या मित्रांच्याच रांगेत बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, "तुझं बरोबर होतं." तो हसला. "मग आता उरलं काय?"

जे उरलं ते मी त्याला सांगितलं. योसेफसच्याच २०व्या भागात इ.स. ६२ च्या एका घटनेची नोंद आहे. महायाजकाने याकोब नावाच्या माणसाला दगडमार करायला सोपवलं. तो कोण, हे कळावं म्हणून योसेफस जाताजाता लिहितो की ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा हा भाऊ. इथे स्तुती नाही, कबुली नाही. ही नोंद बहुतेक अभ्यासक खरी मानतात. इ.स. ११६ च्या सुमारास लिहिणारा रोमी इतिहासकार टॅसिटस ख्रिस्ती लोकांना तुच्छ लेखतो, पण त्यांच्या ख्रिस्ताला पिलाताच्या काळात देहदंड झाला हे सांगतो. आणि या दोघांच्याही आधी, पन्नाशीच्या दशकात, पौल गलतीकरांना लिहितो की तो यरुशलेमेत केफाजवळ १५ दिवस राहिला आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटला. एक बाहेरचा, एक आतला, आणि दोघेही त्याच भावाचं नाव घेतात.

इतिहास इथवर आणून सोडतो. पुनरुत्थान योसेफसने सिद्ध होत नाही. तिथे ज्यांनी पाहिलं असं सांगितलं त्यांची साक्ष आहे, आणि ती स्वीकारायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं.

लूक थियफिलाला काय सांगतो पाहा. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेल्या गोष्टींचा मुळापासून शोध घेऊन मी क्रमाने लिहितोय, म्हणजे तुला शिकवलेल्या गोष्टींची खात्री पटेल. शोध घेणं हे अविश्वासाचं लक्षण आहे, असं लूकला वाटत नाही. मग आपल्याला का वाटावं?

सहकाऱ्याने विश्वास ठेवला का? नाही. पण जाताना त्याने विचारलं, "तो याकोब, तो आधीपासून भावाला मानत होता का?" मी योहान ७:५ काढून दाखवलं. नव्हता मानत. "मग नंतर काय झालं?" त्यावर मी १ करिंथ १५:७ दाखवलं. यावेळी घाई केली नाही.

आजसाठी : पुढचा फॉरवर्ड पाठवण्याआधी तो एकदा तपासा. येशूच्या बाजूने असेल तर दोनदा.

प्रार्थना : प्रभू, तू स्वतः सत्य आहेस. तुझं नाव घेऊन खोटं बोलण्यापासून मला राख. प्रश्नांची भीती काढून टाक आणि चूक कबूल करायचं धैर्य दे. आमेन.