उताऱ्याची रेघ आणि बारावीनंतरचा रस्ता

गाळप हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूरच्या पारावर एकच विषय: उसातून साखरेचा उतारा किती आणि भाव किती. या हिशेबातच मुलाचं करिअर दडलेलं असू शकतं, हे पालकांच्या ध्यानात येत नाही. बारावीनंतर ते विचारतात, ‘एआयला घालू की डेटा सायन्सला?’ माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी संख्याशास्त्र पक्कं करा.

2024-25च्या हंगामात 10.25 टक्के उताऱ्याला एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, टनाला 3400 रुपये होती आणि त्यापुढे दर 0.1 टक्क्याला 33.20 रुपये वाढ. उतारा 11.25 आला तर? दहा पायऱ्या, 332 रुपये, म्हणजे 3732. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. आलेखाच्या कागदावर आडवा उतारा आणि उभा भाव मांडा, सगळे ठिपके एका सरळ रेघेवर बसतात. रेघ सरकारनेच आखलेली, म्हणून सहसंबंध पूर्ण 1.

शेतातल्या जोड्या इतक्या सरळ वागत नाहीत. तोडीच्या वेळी उसाचं वय आणि एकरी टनेज घ्या. दोन प्लॉट एकाच वयाचे, पण एकाला कालव्याचं पाणी वेळेवर मिळालं आणि दुसरा टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, राहिला. ठिपके विखुरतात. मग त्यांच्यामधून अशी रेघ काढायची, की प्रत्येक ठिपक्याच्या रेघेपासूनच्या उभ्या अंतराचा वर्ग घेऊन केलेली बेरीज कमीत कमी यावी. हेच लिनिअर रिग्रेशन. ठिपके रेघेला किती धरून आहेत, ते सहसंबंध सांगतो.

रेघेला हद्दही असते. त्याच हंगामात उतारा 9.5च्या खाली गेला तरी भाव 3151 रुपयांवरच थांबत होता. नुसते वरचे ठिपके पाहून रेघ खाली ओढणाऱ्याने 9 टक्क्यांना 2985 सांगितले असते आणि टनामागे 166 रुपयांनी तो चुकला असता. हाती असलेल्या आकड्यांच्या बाहेर रेघ ताणायची नाही, हे मुलांनी पहिल्या वर्षीच अंगी बाणवावं.

मोठ्या माणसांनाही हा धडा मिळाला आहे. डॉ. वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांनी बांधलेल्या 16 घटकांच्या रिग्रेशन मॉडेलवरून हवामान खातं 1988पासून मान्सूनचा अंदाज देत होतं. 2002मध्ये अंदाज होता सरासरीच्या 101 टक्क्यांचा; पडला 81 टक्के. जुने सहसंबंध कालांतराने क्षीण होतात. पुढच्याच वर्षी खात्याने नवी मॉडेल आणली. चूक किती झाली हे इथे मोजता येतं आणि दुरुस्तही करता येतं, म्हणून या शास्त्रावर माझा भरवसा आहे.

‘शेजारच्या मुलाला अमुक क्लास लावला आणि मार्क वाढले,’ म्हणून कर्ज काढून फी भरणाऱ्या पालकांना मी कळकळीने सांगतो, तो एक ठिपका आहे. एका ठिपक्यातून हव्या तेवढ्या रेघा जातात. शिवाय नावाजलेल्या क्लासला मुळातच हुशार मुलं जातात. मार्क कुणामुळे वाढले, हे नुसत्या सहसंबंधावरून कळत नाही.

अकरावी-बारावीला गणित सोडू नका. बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकता येतं. पुढे एम.एस्सी., यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवा, विमा, बँका, कृषी संशोधन. बारामतीच्या ॲग्रीकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसात एआयचा प्रयोग चालवला आहे, त्याच्या मुळाशीही जोडीजोडीने जमवलेले आकडेच आहेत. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे याच विषयाच्या बळावर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक झाले.

यंदा काटापावत्या टाकून देऊ नका. प्लॉटवार लागणीची तारीख, तोडीची तारीख आणि वजन मुलाला किंवा मुलीला एका वहीत लिहायला सांगा आणि आलेखाचा एक कागद आणून द्या.