समुद्रांतील अरण्य आणि प्लॅटबाई

अरण्य म्हटलें कीं साग, ऐन आणि जांभूळ हेच वृक्ष आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु अरण्यें पाण्याखालींहि असतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्निया राज्यांत माँटेरे नांवाचा उपसागर आहे. तेथील सागरी अरण्य प्रसिद्ध आहे. तें ज्याचें बनलेलें आहे त्यास केल्प म्हणतात. केल्प म्हणजे एक तपकिरी शेवाळ. शेवाळ म्हणतांच विद्यार्थ्यांस विहिरीच्या पायरीवरचा निसरडा थर आठवेल. पण हें शेवाळ तळच्या खडकास धरून ३० मीटर व त्याहूनहि उंच वाढतें, आणि अनुकूल ऋतूंत एका दिवसांत एका फूटपट्टीएवढी मजल मारतें! त्यास मुळें नाहींत. मुळांसारखें जें दिसतें तें केवळ खडक धरण्याचें साधन; पोषण तें सर्वांगानें पाण्यांतून घेतें. प्रत्येक पानाच्या देठाशीं हवेनें भरलेला एक फुगा असतो, म्हणून तें प्रकाशाकडे ताठ उभें राहतें. त्यास थंड पाणी लागतें. या कारणानें आपल्या कोंकणपट्टींत केल्प होत नाहीं. मालवणच्या खडकांवर त्याचें एक ठेंगणें नातलग, सरगॅसम, तेवढें आढळतें.

या अरण्याचा शत्रु म्हणजे अर्चिन नांवाचा वाटोळा, काटेरी प्राणी. तो केल्प कुरतडतो. त्यांची संख्या फार वाढली म्हणजे मागें उघडा खडकच उरतो. अर्चिनांस खाणारा प्राणी समुद्री पाणमांजर होय. मऊ, दाट कातड्याच्या लोभानें व्यापाऱ्यांनीं पाणमांजरांची इतकी हत्या केली कीं, १९११ सालीं चार राष्ट्रांनीं मिळून तिला आळा घालण्याचा करार केला, तोंवर तीं बहुतेक ठिकाणांहून नाहींशीं झालीं होतीं. पुढें १९७१ पासून जेम्स एस्टिस या शास्त्रज्ञानें अलास्काच्या बेटांची तुलना केली. जेथें पाणमांजरें होतीं तेथें केल्प दाट, जेथें नव्हतीं तेथें तळ अर्चिनांनीं भरलेला, असें त्यास आढळलें.

हें सर्व कळण्याच्या पुष्कळ आधीं माँटेरेच्या शेजारीं पॅसिफिक ग्रोव्ह या लहान गांवांत ज्युलिया प्लॅट राहत असत. १८५७ सालीं जन्मलेल्या या बाईंनीं प्राणिगर्भाच्या वाढीचा अभ्यास करून १८९८ सालीं जर्मनींतील फ्रायबुर्ग विद्यापीठाची डॉक्टर पदवी मिळविली. त्या काळीं स्त्रियांस ही पदवी क्वचितच मिळे. पदवी मिळाली, पण विद्यापीठांत जागा कांहीं मिळाली नाहीं. दुसरें कोणी असतें तर कपाळाला हात लावून बसलें असतें. प्लॅटबाईंनीं गांवच हाताशीं धरला. त्या नगरसभेच्या बैठकींस जात, प्रश्न विचारीत, भांडतहि. समुद्रावर जाण्याची लोकांची वाट एका स्नानगृहाच्या फाटकानें बंद झाली, तेव्हां सत्तरी उलटलेल्या या बाईंनीं तें फाटक स्वहस्तें फोडलें! (विद्यार्थ्यांनीं एवढाच भाग उचलूं नये.)

१९३१ सालीं त्या वयाच्या ७४ व्या वर्षीं नगराध्यक्ष झाल्या. शेजारच्या माँटेरेंत तेव्हां सार्डिन मासळी डब्यांत भरण्याचे कारखाने जोरांत चालत आणि त्यांची घाण उपसागरांत पडे. प्लॅटबाईंनीं हॉपकिन्स सागरी संशोधनकेंद्रासमोरचा किनारा राखीव करविला. कायदा, नगरसभा आणि शास्त्र या तिहींची गांठ त्यांनीं घातली. माझ्या मतें त्यांच्या विद्येचा हाच सर्वांत मोठा उपयोग झाला. १९३५ सालीं त्या वारल्या. १९३८ सालीं त्याच किनाऱ्यावर, दक्षिणेस, नष्ट झालीं असें समजलीं जाणारीं पाणमांजरें सुमारें ५० च्या संख्येनें दृष्टीस पडलीं. दुसऱ्या महायुद्धानंतर मासळी संपली, कारखाने बसले. आणि १९६० नंतर पाणमांजरें उपसागरांत परतलीं, तसें केल्पहि पुन्हा दाट झालें.

लोकांस हें अरण्य प्रत्यक्ष दिसावें म्हणून १९८४ सालीं एका जुन्या कारखान्याच्या जागीं मत्स्यालय उघडलें. तेथील २८ फूट उंच टाकींत जिवंत केल्प वाढतें. टाकी वरून उघडी असून यंत्रानें पाण्यास हेलकावे देतात. पाणबुड्या आंत उतरून मुखवट्यांतील यंत्रावाटे पाण्यांतूनच प्रेक्षकांशीं बोलतो.

तरी संकट टळलेलें नाहीं. २०१३ पासून रोगानें तारामासे मेले. त्यांपैकीं सूर्यफुली तारामासा अर्चिन खात असे. त्यानंतर २०१४ ते २०१६ पर्यंत समुद्राचें पाणी असाधारण तापलें. उत्तर कॅलिफोर्नियाच्या सुमारें ३५० किलोमीटर किनाऱ्यावरील केल्प शेंकडा ९० हून अधिक नाहींसें झालें. माँटेरेंत मात्र कांहीं तुकडे तगले. कारण मोठें चमत्कारिक आहे. उजाड खडकावरील उपाशी अर्चिनांत मांस नसतें, म्हणून पाणमांजरें त्यांकडे ढुंकूनहि पाहत नाहींत. तीं हिरव्या तुकड्यांतील धष्टपुष्ट अर्चिनच खातात. अर्थात् तीं उरलेलें अरण्य राखतात, गेलेलें परत आणीत नाहींत. तें काम माणसांकडे आलें आहे. पाणबुडे अर्चिन फोडतात किंवा वेंचून काढतात, आणि शास्त्रज्ञ प्रयोगशाळेंत सूर्यफुली तारामाशांचीं पिलें वाढवीत आहेत. त्यांस मारणारा जंतु कोणता, हें २०२५ सालीं कळलें.