बडोद्याहून डोंगराळ मुलखात

प्रश्न : स्नेह्यांसह सायकलीने डोंगराळ मुलखात जावयाचे आहे. मार्ग सुचवावा. – एक वाचक, बडोदे

उत्तर : हालोल, चांपानेर, जांबुघोडा, बोडेली या मार्गे छोटा उदेपूर गाठावे. पहिला मुक्काम, सुमारे ५० किलोमीटरांवर, पावागडाच्या पायथ्याशी करून, २००४ साली जागतिक वारशाचा दर्जा लाभलेली गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याची राजधानी चांपानेर सावकाश पाहावी; तेथील जामी मशीद धावत्या नजरेने पाहणे हा मी अपराधच समजतो. जांबुघोड्याच्या अरण्यातील चढावर, ताणाखाली साखळी सुखाने सरकत नसल्याकारणाने, मागचे मोठे दंतचक्र चढ लागण्यापूर्वीच लावावे, आणि उतारावर ब्रेक अखंड दाबून न धरता सोडून सोडून दाबावा. वेग मात्र सर्वांत मंद सोबत्याचाच ठेवावा. पावसाळा सरल्यावर, दिवाळीनंतर निघावे.