मुलांच्या पट्टीत गाऊ या



गेल्या आगमनकाळात आमच्या हातून एक चूक झाली. त्या मुलाच्या आईच्या परवानगीने ती आज तुमच्यापुढे मांडत आहोत.

नाताळच्या मिस्सासाठी लहान मुलांचा गायनवृंद बसवायचे ठरले होते. सिस्टर गावी गेल्या होत्या, म्हणून सराव आम्हीच घेत होतो. पहिलीतला एक मुलगा मोठ्या उत्साहाने गायचा, पण सगळे गाणे एकाच सुरात आणि घोगऱ्या आवाजात. बाकीची मुले हसू लागली. आम्ही त्याला जवळ घेऊन म्हणालो, "बाळा, तू नुसते ओठ हलव." त्याने मान डोलावली. नाताळच्या रात्री नवा शर्ट घालून तो पहिल्या रांगेत उभा राहिला आणि सांगितल्याप्रमाणे त्याने नुसते ओठ हलवले. जानेवारीत त्याची आई भेटायला आली. म्हणाली, "फादर, हा आता घरीही गात नाही. आंघोळ करताना गायचा, तेही बंद झाले."

संगीत लहानपणीच मनात खोल उतरते, म्हणून शिक्षणाची सुरुवात त्यापासून करावी, असे प्लेटोचे मत आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हे आम्ही उत्तरपत्रिकेत लिहून गुण मिळवले होते. त्या आईपुढे ते गुण काही कामाला आले नाहीत.

सिस्टर परतल्यावर त्यांनी त्या मुलाला रविवारी कीबोर्डजवळ बसवायला सुरुवात केली. तीन रविवार तो काही गायला नाही, नुसती बटणे दाबत होता. चौथ्या रविवारी सिस्टरांनी आपल्या आवाजात एक सूर लावला आणि दोन-तीन प्रयत्नांत त्याने तो बरोबर उचलला. मग त्या आम्हाला म्हणाल्या, "फादर, आता तोच सूर तुम्ही लावा." आम्ही लावला. मुलगा पुन्हा खाली घसरला आणि घोगरे गाऊ लागला.

कारण साधे आहे. पुरुषाचा आवाज मुलाच्या आवाजापेक्षा साधारण एक सप्तक खाली असतो. तोच सूर वरच्या सप्तकात गायचा, हे मोठ्यांना आपोआप कळते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला ते पुष्कळदा उमगत नाही. ते आपल्याबरोबर खाली उतरू पाहते आणि तेथे त्याच्याजवळ आवाजच नसतो. बाईचा किंवा दुसऱ्या मुलाचा सूर त्याला सहज सापडतो. शिवाय सुरात गाणे हे बोलण्यासारखेच हळूहळू येते, कुणाला चौथ्या वर्षी तर कुणाला आठव्या. खरोखर सूर कळतच नाही अशी माणसे फार थोडी असतात. आम्ही त्या मुलाला बेसूर ठरवले, पण पट्टी चुकली होती ती आमची.

आपल्या धर्मग्रामातील गोव्याकडच्या कुटुंबांना मेस्त हा शब्द ठाऊक असेल. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चला जोडून शाळा चालत. तेथे गावातली मुले धर्मशिक्षण आणि अक्षरओळख यांच्याबरोबर डो-रे-मी शिकत आणि पुष्कळांच्या हाती व्हायोलिनही येई. शिकवणारा मेस्तच चर्चचा गायनवृंद सांभाळी. (त्याच्या छडीच्या गोष्टीही आम्ही ऐकल्या आहेत. तेवढे मात्र घेऊ नये.) मडगावजवळच्या माजोर्डा गावी १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे अशाच एका गायनवृंदप्रमुखाचे पुत्र. वडिलांजवळ शिकून ते मुंबईला आले, चित्रपटांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले आणि प्यारेलाल व राहुल देव बर्मन यांचे गुरू झाले. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' चित्रपटातील गाण्यात जे नाव गाजले ते त्यांचेच. शिष्याने दिलेली ती गुरुदक्षिणा होती. परंतु आम्हाला अधिक महत्त्वाची वाटतात ती नाव न झालेली शेकडो मुले. ती चर्चमध्ये गात, घरी गात, संध्याकाळी वाड्यावरच्या क्रुसापुढे लादाइन्या म्हणताना मोठ्यांच्या बरोबरीने गात. तू गाऊ नकोस, असे तेथे कुणी कुणाला म्हटले तर लादाइन्या व्हायची कशी?

आणि हे डो-रे-मी तरी कोठून आले? अकराव्या शतकात इटलीत गुइदो नावाचे बेनेडिक्टाइन संन्यासी गायनवृंदातील मुलांना शिकवीत असत. मुलांना स्तोत्रे पाठ होता होता वर्षे जात. तेव्हा संत योहान बाप्तिस्ताच्या एका लॅटिन स्तोत्राची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक सूर वर सुरू होते, हे हेरून त्यांनी ओळींची पहिली अक्षरे सुरांची नावे म्हणून घेतली. (पहिला सूर तेव्हा 'उत' होता, 'डो' पुढे झाला.) मुले अडतात कोठे, हे त्यांनी पाहिले. आम्ही ते पाहिले नव्हते.

कात्रपमध्ये मेस्त कोठून आणायचा, असे कुणी विचारील. पहाटेची लोकल पकडून मुंबईला जाणारा बाप रात्री घरी येतो तेव्हा मूल झोपलेले असते, हे आम्ही जाणतो. मोबाइलवर गाणे लावून दिले की मूल शांत बसते, पण ते गात नाही. तेव्हा घरी एवढे करून पाहा. संध्याकाळच्या जपमाळेनंतर एकच गाणे म्हणा आणि महिनाभर तेच ठेवा. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही. पट्टी मुलाला धरू द्या, आपण मागून जा. बाबांनी आधी आईला किंवा ताईला सुरुवात करू द्यावी. वाटी-चमच्याने ठेका धरला तर रागावू नका. नगर जिल्ह्यातून आलेल्या आजी-आजोबांना भजनी मंडळाची भजने येतात, वसईच्या घरांत लग्नाची गाणी आहेत. ती नातवंडांच्या कानावर कधी पडतात? मिस्सामध्ये एखादे मूल भलत्या वेळी "आमेन" ओरडले तर मागे वळून पाहू नये, ही विनंती आमच्या मिस्सासेवकांनाही आहे.

संत ऑगस्टीन ३८६ साली मिलान येथे बागेत रडत बसले होते, तेव्हा शेजारच्या घरातून एका मुलाचा आवाज आला. ते मूल काही शब्द पुन्हा पुन्हा गात होते. मुलगा होता की मुलगी, हेही ऑगस्टीनना कळले नाही. असे गाणे असलेला कोणता खेळ मुले खेळतात, याचा त्यांनी विचार केला, पण आठवेना. मग त्यांनी पवित्र ग्रंथ उघडला आणि त्यांचे जीवन पालटले. हा प्रसंग आम्ही कितीदा तरी वाचला आहे. ते मूल सुरात गात होते की नाही, हे मात्र ऑगस्टीननी लिहून ठेवलेले नाही.

पुढील रविवारपासून दुसऱ्या मिस्सानंतर अर्धा तास तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी गायन असेल. निवड नाही, स्पर्धा नाही, बक्षीस नाही. मुलाबरोबर घरातील एक मोठी व्यक्ती यावी आणि तिनेही गावे. सूर सिस्टर देतील. तो मुलगाही येतो. आंघोळीचे गाणे पुन्हा सुरू झाले, असे त्याची आई सांगते. आम्ही मागच्या बाकावर बसणार आहोत, कारण आम्ही जवळ उभे राहिलो की तो अजून नुसते ओठच हलवतो.