टाकाऊ मालाची किंमत : जयपूरच्या पर्यावरणस्नेही गृहोपयोगी वस्तूंचा विचार

'टाकाऊपासून टिकाऊ' ही कल्पना मराठी घरांना नवी नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी होत असे, फाटक्या धोतराचे पोतेरे होत असे आणि जे उरे ते बोहारणीच्या पाटीत जाऊन त्याच्या बदल्यात स्टीलचे पातेले घरात येत असे. बोहारीण आणि गृहिणी यांच्यात दारात जी घासाघीस चाले, तिच्यात अर्थशास्त्राचा एक धडा दडलेला आहे. ज्या वस्तूला आपण टाकाऊ म्हणतो तिला कोठेतरी मागणी असते आणि मागणी असली की किंमतही असते.

गेल्या काही वर्षांत शहरी ग्राहकांमध्ये आणि निर्यात बाजारपेठेत पुनर्वापरातून तयार झालेल्या गृहोपयोगी वस्तूंची आवड वाढली आहे. हातकागदाचे दिव्यांचे आच्छादन, नैसर्गिक रंगांत छापलेल्या चादरी व पडदे, शेणापासून बनविलेला भिंतींचा रंग अशा अनेक वस्तूंचा उगम जयपूर आणि त्याच्या परिसरात आहे. त्यांना सरसकट 'पर्यावरणस्नेही' म्हणण्याची प्रथा पडली आहे. या विशेषणामागे नेमके काय मोजायला हवे, याचा विचार प्रस्तुत लेखात तीन उदाहरणांच्या आधारे केला आहे.

सांगानेरचा कागद

जयपूर शहराच्या दक्षिणेला असलेले सांगानेर हे कागझी समाजाचे गाव. चिंध्यांपासून हाताने कागद बनविण्याची परंपरा येथे काही शतकांची आहे. महाराष्ट्रालाही ही परंपरा परकी नाही. दौलताबादजवळचे कागझीपुरा हे गाव या व्यवसायावरूनच ओळखले जाते आणि मराठ्यांच्या इतिहासाची जुनी दफ्तरे चाळणाऱ्यांना जुन्नरी व दौलताबादी कागद चांगला परिचित आहे. गिरणीचा स्वस्त कागद आल्यावर हा धंदा सर्वत्र मोडकळीस आला. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत ज्या उद्योगांचे पुनरुज्जीवन हाती घेतले त्यांत हातकागदही होता, तर १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली. ग्रामोद्योग संघाची धुरा वाहणारे अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांचेच नाव आज सांगानेर येथील राष्ट्रीय हातकागद संस्थेला आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाने ही संस्था १९९० च्या दशकात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने उभी केली.

या कागदाचा कच्चा माल म्हणजे प्रामुख्याने होजिअरी व तयार कपड्यांच्या कारखान्यांतील सुती कापाकापीचे तुकडे. कापसात तंतूंना जखडून ठेवणारे लिग्निन जवळजवळ नसते. त्यामुळे लाकडाच्या लगद्याप्रमाणे तो तीव्र रसायनांत शिजवावा लागत नाही. चिंध्या निवडायच्या, बारीक कापायच्या, बीटरमध्ये पाण्याबरोबर कुटून लगदा करायचा, जाळीच्या साच्यावर तो उचलून पत्रा बसवायचा, दाबयंत्राने पाणी काढायचे, वाळवायचा, खळ द्यायची आणि घोटून गुळगुळीत करायचा, असा हा क्रम आहे. सुताचे तंतू लांब असल्याने कागद चिवट होतो आणि म्हणूनच त्यापासून पेट्या, चौकटी, पिशव्या, दिव्यांची आच्छादने अशा टिकाऊ वस्तू करता येतात. झाड तोडावे लागत नाही, हा त्याचा निर्विवाद गुण आहे. (आमेरच्या किल्ल्यावर पर्यटकांना नेणाऱ्या हत्तींच्या विष्ठेपासूनही जयपुरात कागद केला जातो. त्याचे कुतूहल मोठे आहे. परंतु हत्ती किती आणि त्यांची विष्ठा किती, हे लक्षात घेता त्याचे आर्थिक महत्त्व मर्यादितच राहणार.)

अडचण सुरू होते ती चिंधीच्या किमतीपासून. तिरुपूरच्या कारखान्यांतून निघणारे सुती तुकडे केवळ कागदासाठी वापरले जातात असे नाही. ते पिंजून त्यांचे पुन्हा जाड सूत काढणाऱ्या गिरण्या तमिळनाडूत आहेत तशा पानिपतलाही आहेत. हे सूत चादरी, सतरंज्या, पायपुसणी यांसाठी जाते. एकाच टाकाऊ मालासाठी दोन उद्योगांत स्पर्धा झाली की त्याचा भाव वाढतो आणि ज्याची उत्पादकता कमी, तो मागे पडतो. हातकागदाच्या छोट्या उत्पादकाला हा फटका अधिक बसतो. पर्यावरणाच्या दृष्टीनेही येथे एक सूक्ष्म प्रश्न आहे. कचऱ्यात जाणारी चिंधी कागदासाठी वाचविली तर समाजाचा निव्वळ लाभ झाला. पण जी चिंधी अन्यथा सूत होऊन वापरात येणारच होती ती कागदाकडे वळविली, तर लाभ त्या दोन वापरांमधील फरकाएवढाच राहतो.

कुमारप्पांनी संपत्तीचे दोन प्रकार मानले होते : निसर्ग जी पुन्हापुन्हा भरून देतो ती प्रवाही आणि कोळसा, खनिजे यांसारखी एकदाच मिळणारी साठ्याची. चिंधी ही प्रवाही संपत्तीत मोडते, परंतु ती शुद्ध सुती असेल तोवरच. होजिअरीच्या कापडात आता पॉलिस्टर व ताणल्या जाणाऱ्या कृत्रिम धाग्यांचे मिश्रण वाढत चालले आहे. असे तुकडे लगद्यात गेले तर कागद बिघडतो. म्हणून चिंध्या निवडणाऱ्या हातांचे, आणि हे काम बहुधा स्त्रियाच करतात, कौशल्य निर्णायक ठरते. जेथे त्यांची मजुरी निवडलेल्या वजनावर ठरते, तेथे मिश्र माल जास्त आला की त्यांची दिवसाची कमाई घटते. कच्चा माल बिघडल्याचा भुर्दंड असा साखळीतील सर्वांत दुबळ्या दुव्यावर पडतो.

या संदर्भात कुमारप्पा संस्थेच्या एका प्रयोगाचा उल्लेख आवश्यक आहे. २०१८ मध्ये खादी आयोगाने प्लास्टिकमिश्रित हातकागदाचे उत्पादन सुरू केले. त्यात सुती लगदा सुमारे ८० टक्के व प्लास्टिकचा कचरा सुमारे २० टक्के असतो. गटारात व मोकाट जनावरांच्या पोटात जाणारे प्लास्टिक यामुळे उचलले जाते, हे खरे. परंतु शुद्ध सुती कागद वापरानंतर पुन्हा लगदा होऊ शकतो किंवा मातीत मिसळतो. मिश्र कागदाच्या बाबतीत हे दोन्ही मार्ग अवघड होतात. माझ्या मते, हा प्रयोग प्लास्टिकच्या विल्हेवाटीचा उपाय म्हणून तपासावा. हातकागदाची सुधारलेली आवृत्ती म्हणून त्याची शिफारस करणे योग्य होणार नाही.

पाणी आणि रंग

जयपूर हा कमी पावसाचा प्रदेश आहे. शहराला पिण्याचे पाणी दूरच्या बनास नदीवरील बिसलपूर धरणातून आणावे लागते. अशा ठिकाणी कागद, धुलाई, रंगाई व छपाई हे सर्वच पाणी पिणारे उद्योग एकत्र नांदत आहेत. सांगानेरच्या कापड छपाईतील रंगीत सांडपाण्याने द्रव्यवती नदी व आसपासची भूजले दूषित झाल्याची तक्रार न्यायालयापर्यंत गेली आणि सामूहिक प्रक्रिया केंद्राची व्यवस्था करावी लागली. हातकागदाच्या साच्यातून निथळलेले पाणी पुन्हा बीटरमध्ये वापरता येते. काटकसर करणारा उत्पादक ते वापरतोही. मात्र गडद रंगाच्या कागदाची मागणी आली की ही सोय मर्यादित होते, कारण एका रंगाचे पाणी दुसऱ्याला चालत नाही. पांढरा किंवा चिंधीच्या मूळ रंगाचा कागद घेणारा ग्राहक नकळत पाणी वाचवीत असतो.

जयपूर-अजमेर मार्गावरील बगरू गावचे छिपे हे याहून जुन्या ज्ञानाचे वारसदार आहेत. त्यांच्या छपाईत टाकाऊ मालाचा उपयोग ज्या सहजतेने होतो, ती पाहण्यासारखी आहे. काळ्या रंगासाठी घोड्यांचे जुने नाल व गंजके लोखंड गूळ-पाण्यात कित्येक दिवस आंबवतात. कापडाला आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून घेतलेले असते. हिरड्यातील टॅनिन व लोखंड यांच्या संयोगातून पक्का काळा रंग उमटतो. दाबू नावाच्या छपाईत कापडाचा काही भाग रंगापासून वाचविण्यासाठी चिखलाचा थर देतात. त्यात माती, चुना व डिंक यांबरोबर किड्यांनी पोखरलेल्या गव्हाचा भुगा वापरतात. कोठारात सडलेला गहू आणि नालबंदाने फेकलेले लोखंड यांतून दिवाणखान्याचे पडदे होतात! आपल्याकडे जुन्नर-आंबेगाव भागातील आदिवासी बाळहिरडा गोळा करतात. त्यांना व्यापाऱ्याकडून मिळणाऱ्या भावाची चर्चा आपण वनोपज म्हणून करतो. रंगाई उद्योगाचा कच्चा माल म्हणून त्याकडे फारसे पाहत नाही.

तरीही बगरूची पद्धत पाण्याविना चालत नाही. कापड अनेक वेळा धुवावे लागते, शिवाय लाल रंगासाठी आता बहुतेक ठिकाणी कृत्रिम ॲलिझरिन येते. 'नैसर्गिक' हा शब्द अशा ठिकाणी थोडा सैल होतो.

शेणाच्या रंगाचे गणित

जमीन व भिंती शेणाने सारवणे ही ग्रामीण महाराष्ट्राची नित्याची रीत. तिचा आधुनिक अवतार म्हणजे खादी प्राकृतिक पेंट. कुमारप्पा संस्थेने विकसित केलेल्या या रंगाचे अनावरण १२ जानेवारी २०२१ रोजी केंद्रीय मंत्री श्री. नितीन गडकरी यांच्या हस्ते झाले. डिस्टेंपरचा दर लिटरला १२० रुपये व इमल्शनचा २२५ रुपये ठरविण्यात आला. त्यात शिसे, पारा, कॅडमियम यांसारखे जड धातू नाहीत, असे सांगितले जाते. मात्र घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांहून अधिक असू नये, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून सर्वच उत्पादकांना लागू आहे. तेव्हा शिसे नसणे हे कायद्याचे पालन झाले. ते खास वैशिष्ट्य ठरत नाही.

या रंगामुळे शेतकऱ्याला किंवा गोशाळेला जनावरामागे वर्षाला सुमारे ३०,००० रुपयांचे जादा उत्पन्न मिळेल, असा अंदाज त्या वेळी शासनाने व्यक्त केला होता. शेणाला किलोमागे ५ रुपये भाव धरला तर ३०,००० रुपयांसाठी वर्षाला ६,००० किलो, म्हणजे रोज सोळा किलोंहून अधिक शेण विकावे लागेल. देशी गाय दिवसाला साधारण दहा किलो शेण देते. ते सर्वच्या सर्व विकले तरी वर्षाचे १८,००० रुपयांच्या आसपास होतात. छत्तीसगढ शासनाने जुलै २०२० मध्ये सुरू केलेल्या गोधन न्याय योजनेत खरेदीचा दर किलोला २ रुपये होता. त्या दराने हीच रक्कम ७,३०० रुपयांवर येते. शिवाय सगळे शेण रंगाच्या कारखान्यात गेले तर शेतात खत कोठून यायचे? त्या खताऐवजी जी रासायनिक खते विकत घ्यावी लागतील, त्यांची किंमत या उत्पन्नातून वजा करायला हवी. ज्या शहरी गोशाळांत शेणाचे ढीग साचून उपद्रव होतो, तेथे हा कारखाना निश्चित लाभदायक आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या गोठ्याला तेच गणित लावता येत नाही.

ग्राहकाला कळावे कसे?

वस्तूकडे पाहून ग्राहकाला तिच्यातील चिंधी, पाणी व रंग यांचा इतिहास कळत नाही. विक्रेत्याला जे ठाऊक आहे ते ग्राहकाला ठाऊक नसेल, तर खरा माल व खोटा माल एकाच भावाने विकला जातो आणि खरा उत्पादक हळूहळू बाजारातून हटतो. भारताने यासाठी १९९१ मध्येच मातीच्या मडक्याची खूण असलेली इकोमार्क योजना आणली होती. तिला उत्पादकांचा प्रतिसाद अत्यल्प मिळाला. आता २०२४ च्या इकोमार्क नियमांनी तिची जागा घेतली असून त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. दावा केला तर त्याचा पुरावा द्यावा लागेल, असे त्यांचे सार आहे.

पुरावा देण्याला खर्च येतो. मोठ्या निर्यातदाराला तो परवडतो. दोन साचे चालविणाऱ्या कागझ्याला किंवा एका अंगणात छपाई करणाऱ्या छिप्याला परवडत नाही. पारंपरिक उद्योगांच्या समूहांसाठी २००५ पासून असलेल्या स्फूर्ती योजनेतून यंत्रे व सामाईक सुविधा केंद्रे उभारली जातात. त्याच केंद्रात सांडपाण्याची तपासणी, कच्च्या मालाची नोंद आणि निवडणाऱ्या स्त्रियांच्या मजुरीचा हिशेब ठेवला, तर संपूर्ण गावासाठी एकच प्रमाणपत्र घेता येईल आणि त्याचा खर्च प्रत्येक नगावर काही पैशांत विभागला जाईल.