मनोविकारतज्ज्ञ किती हवेत? : गरज आणि नियोजन

रुग्णालयाच्या अहवालात खाटा, शस्त्रक्रिया आणि देणग्या यांचे आकडे आपण दरवर्षी वाचता. या लेखात आम्ही एका वेगळ्या आकड्याचा हिशेब मांडत आहोत. मोडलेले हाड क्ष-किरणांत दिसते. मनाचे दुखणे घरातल्यांनाही कित्येक महिने उमगत नाही, आणि उमगते तेव्हा तज्ज्ञ डॉक्टर जवळपास नसतो.

बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तथापि तिचे निष्कर्ष आपल्यालाही विचार करावयास लावणारे आहेत. १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि गंभीर आजार असलेल्या दहांपैकी सातांहून अधिक जण उपचारांविना होते.

आता तज्ज्ञांची संख्या पाहू. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार देशात सुमारे नऊ हजार मनोविकारतज्ज्ञ होते, म्हणजे लाख लोकसंख्येमागे ०.७५. अपेक्षित प्रमाण लाखामागे तीन धरले, तर छत्तीस हजार हवेत; तूट सत्तावीस हजारांची. दरवर्षी सुमारे सातशे नवे तज्ज्ञ तयार होतात, असाही तो अंदाज होता. कोणी निवृत्त झाले नाही, कोणी परदेशी गेले नाही आणि लोकसंख्याही वाढली नाही, असे मानले तरी ही तूट भरून निघण्यास सुमारे एकोणचाळीस वर्षे लागतील. वैद्यकीय पदवी आणि आंतरवासिता यांची साडेपाच वर्षे, पुढे पदव्युत्तर शिक्षणाची तीन. एक मनोविकारतज्ज्ञ घडण्यास किमान साडेआठ वर्षे जातात.

मग केवळ वाट पाहावी काय? पंधरा लाख वस्तीचा, दहा लाख प्रौढांचा एक जिल्हा कल्पू. पाहणीचे प्रमाण लावल्यास तेथे एक लाख सहा हजार प्रौढ रुग्ण असतील. एक तज्ज्ञ रोज वीस रुग्ण तपासतो, वर्षात अडीचशे दिवस काम करतो आणि प्रत्येक रुग्ण वर्षातून चारदा येतो असे धरले, तर एका तज्ज्ञाकडून साडेबाराशे रुग्णांची देखभाल होते. सर्वांना तज्ज्ञानेच तपासायचे तर पंच्याऐंशी जण लागतील. लाखामागे तीनचे प्रमाण गाठले तरी मिळतील पंचेचाळीस.

परंतु त्याच पाहणीत गंभीर मानसिक आजाराचे प्रमाण ०.८ टक्के आढळले. या जिल्ह्यात असे आठ हजार रुग्ण होतात आणि त्यांना सात तज्ज्ञ पुरतात. ०.७५ या सरासरीने जिल्ह्याच्या वाट्यास अकरा येतात. लहान मुले, व्यसनमुक्ती, आंतररुग्ण विभाग ही कामे वेगळी असली, तरी या हिशेबाचा बोध स्पष्ट आहे. अडचण केवळ संख्येची नाही, वाटणीची आणि कामाच्या विभागणीचीही आहे. तज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटले आहेत. महाराष्ट्रातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. दूरच्या गावातील कुटुंबाला एका भेटीसाठी दोघांची मजुरी आणि एसटीचे भाडे सोसावे लागते. दोन फेऱ्या चुकल्या की औषध सुटते आणि आजार उलटतो.

यावरचा मार्ग नवा नाही. १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६ पासूनचा जिल्हा कार्यक्रम यांचा गाभाच हा, की प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना प्रशिक्षण द्यावे, सौम्य आजार तेथेच हाताळावेत आणि तज्ज्ञाने गुंतागुंतीचे रुग्ण व मार्गदर्शन सांभाळावे. समुपदेशक, परिचारिका, समाजसेवक आणि आशा कार्यकर्त्या यांच्याविना ही साखळी जुळत नाही. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही तिचा एक दुवा आहे.

२०१८ मध्ये अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने लोकसंख्येच्या प्रमाणात मानसिक आरोग्य व्यावसायिकांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्याच्या प्रयत्नांसाठी शासनास दहा वर्षांची मुदत दिली. ती २०२८ मध्ये संपते.

धर्मादाय रुग्णालयांनी यातून काय घ्यावे? इमारतीवर देणगीदाराचे नाव कोरता येते, प्रशिक्षित परिचारिकेवर कोरता येत नाही. म्हणून माणसे घडविण्यासाठी देणगी मिळणे कठीण जाते. तरीही आम्ही विश्वस्तांना आणि देणगीदारांना विनंती करतो, की पुढील योजना आखताना खाटांच्या बरोबरीने प्रशिक्षणाचा, ग्रामीण भागातील नियमित बाह्यरुग्ण सेवेचा आणि अखंड औषधपुरवठ्याचा खर्च धरावा. रुग्णांच्या नातेवाइकांना एवढेच सांगणे, की पहिल्या लक्षणाला जवळच्या डॉक्टरांकडे जावे. उपचार लवकर सुरू झाले, तर तज्ज्ञाचा मोलाचा वेळ ज्याला त्याची सर्वाधिक गरज आहे त्याच्यासाठी शिल्लक राहतो.