पेण-रोह्यातील छोटे पर्यटन व्यवसाय आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील संवाद

डिसेंबर उजाडतो, शेतात वालाच्या शेंगा भरू लागतात आणि पेण-रोहा परिसरात पोपटीचे दिवस सुरू होतात. मुंबई-ठाण्याकडील एखादे कुटुंब व्हॉट्सअ‍ॅपवर विचारते, ‘शनिवारी आठ जणांसाठी पोपटी मिळेल का? दर काय?’ उत्तर येते दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि तेही ‘हो’ एवढेच. तोवर त्या कुटुंबाने दुसरीकडे खोली घेतलेली असते. शेतात, चवीत किंवा आतिथ्यात काहीच उणे नव्हते. उणे होते ते उत्तर.

आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी घरगुती खानावळ, शेतावरील मुक्काम, रिक्षा-जीप, मूर्तिकाम किंवा पापड-पोह्यांची विक्री असे व्यवसाय धरले आहेत. त्यांच्याजवळ जाहिरातीसाठी पैसा नाही, परंतु भ्रमणध्वनी आहे. म्हणून या संवादाचा थोडा अभ्यास करणे उपयुक्त ठरेल.

प्रथम पोपटीचेच उदाहरण घेऊ. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी असे थर रचायचे. तोंड पाल्यानेच बंद करून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंबही नाही. आपल्याला हे इतके परिचित असते की पाहुण्याला यातले काहीच ठाऊक नाही, हे आपण विसरतो. वरील प्रश्नाला उत्तर असे देता येईल : ‘नमस्कार ताई. शनिवारी पोपटी होईल. एका मडक्यात कोंबडी-अंडी आणि दुसऱ्यात फक्त शेंगा-बटाटे, असे वेगळे करता येते. जाळ सायंकाळी सातला लावतो. गाडी बांधापर्यंत येत नाही, पाच मिनिटे चालावे लागेल. शौचालय घराजवळ आहे. शुक्रवारी सकाळपर्यंत नक्की कळवावे, कारण शेंगा आधी खुडाव्या लागतात. दर सोबतच्या यादीत आहे.’

या उत्तरात स्तुतीचा एकही शब्द नाही. ‘निसर्गरम्य वातावरण’ नाही की ‘अविस्मरणीय अनुभव’ नाही. तरीही सोबत वृद्ध आई असलेल्या गृहिणीला निर्णय घेण्यास जे लागते, ते सर्व त्यात आहे. पाच मिनिटांची चाल आधी सांगितली तर कदाचित एखादा पाहुणा कमी होईल. न सांगितली तर आलेला पाहुणा रुसून जाईल आणि त्याची नाराजी दहा जणांपर्यंत पोहोचेल.

येथे एक अडचण स्पष्ट सांगितली पाहिजे. अनेक घरांत स्वयंपाक स्त्री करते आणि भ्रमणध्वनी असतो पतीकडे किंवा मुलाकडे. किती माणसांचे जेवण होईल, हे जिला ठाऊक तिच्यापर्यंत प्रश्न पोहोचतच नाही. व्यवसाय तिचा असेल तर संवादही तिच्याच हाती हवा. त्याच वेळी तिचा खासगी क्रमांक फलकावर रंगवणे योग्य नव्हे. अवेळी येणाऱ्या संदेशांचा त्रास अनेकींना होतो. व्यवसायासाठी वेगळे सिमकार्ड घेऊन त्यावर ‘व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस’ सुरू करावे. २०१८ पासून उपलब्ध असलेल्या या अ‍ॅपमध्ये छायाचित्रांसह दरसूची ठेवता येते, नेहमीची उत्तरे साठवता येतात आणि रात्री ‘सकाळी आठनंतर उत्तर देऊ’ असा संदेश आपोआप जातो. बचतगटाने एकच क्रमांक ठेवून आठवड्याने जबाबदारी वाटून घेतली तरी चालेल.

रोहा तालुक्यातील कोलाडची गोष्ट निराळी. कुंडलिकेतील राफ्टिंग भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर अवलंबून असते. वेळ बदलली की न्याहारी, जीप, खोल्या अशी सगळी साखळी हलते. न बदलणारी माहिती दरसूचीत असावी. रोज बदलणारी वेळ स्टेटसवर टाकावी, कारण ते २४ तासांनी आपोआप नाहीसे होते. मात्र ज्यांनी आगाऊ रक्कम दिली आहे, त्यांना वेगळा संदेश पाठवलाच पाहिजे. स्टेटस सर्वांनी पाहिले असेल, असे गृहीत धरू नये.

पाहुण्यांचा समूह करावा की ब्रॉडकास्ट यादी? समूहात प्रत्येकाचा क्रमांक सर्वांना दिसतो; अनोळखी माणसांबाबत हे उचित नाही. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांपर्यंत घेता येते, पण ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. म्हणून निरोप घेताना पाहुण्याला क्रमांक जतन करण्यास सांगावे, आणि ‘पुढच्या हंगामात कळवू का?’ असेही विचारावे. होकार देणाऱ्यांनाच लिहावे. रोज सकाळी फुलांच्या चित्रासह सुविचार पाठवणाऱ्याचा क्रमांक पाहुणा केव्हा बंद करतो, हे त्याला कळतही नाही!

पेणजवळच्या हमरापूर-जोहे परिसरातील मूर्तिकारांना छायाचित्र हीच दुकानाची काच. उजेडात काढलेले छायाचित्र, इंचांत उंची आणि मूर्ती शाडूची की प्लास्टरची, एवढे प्रत्येक चित्राखाली असावे. दुसऱ्याच्या कारखान्यातील चित्र पाठवू नये. पैशांबाबत एकच गोष्ट घरातील प्रत्येकाला पाठ असावी : पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही. ‘आगाऊ रक्कम पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असे कोणी ग्राहक म्हणून लिहिले, तर तो ग्राहक नव्हे.

आपल्या समाजाच्या दृष्टीने आणखी एक संधी आहे. २० मार्च १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला अभिवादन करण्यासाठी दरवर्षी हजारो अनुयायी महाडला जातात. मुंबईकडून येणाऱ्या कित्येक गाड्या पेण, नागोठणे, कोलाड याच वाटेने जातात आणि चहापुरत्या थांबतात. रोह्याच्या दक्षिणेस, तळा तालुक्यात राजपुरी खाडीलगत कुडा येथे प्राचीन बौद्ध लेणी आहेत, हे त्यांतील अनेकांना माहीत नसते. तेथील ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नोंद आहे : महाभोजांचा लेखक, वैद्य, माळी, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी, भिक्खुणी. ती कामकरी माणसांची नावे दगडावर वाचायला मिळणे, हे कोणत्याही जाहिरातीहून मोठे आकर्षण आहे.

मार्चच्या पंधरा दिवस आधी आपल्या माजी विद्यार्थ्यांनी ओळखीच्या विहारांना आणि मंडळांना असा संदेश पाठवून पाहावा : ‘जय भीम. महाडहून परतताना कुडा लेणी पाहता येतील. रस्ता दाखवण्यास आमच्यातील एक जण सोबत येईल. ऊन फार असते, पाणी जवळ ठेवावे. लेण्यांत चुन्याने किंवा रंगाने काही लिहू नये. पन्नास जणांपर्यंत भाकरी-भाजीची सोय होईल. संख्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवावी.’